संकलक, चित्रपट

चित्रित दृश्ये आणि ध्वनी यांतून निवड करून त्यांचा क्रम व लांबी ठरवणारा तंत्रज्ञ, व्यवसायात ‘एडिटर’. मुंबईत हा पेशा उपनगरांतील स्टुडिओंच्या आधाराने वाढला. मालाडचे बॉम्बे टॉकीज (1934) आणि गोरेगावचे फिल्मिस्तान (1943) येथे उमेदवारी करून संकलक तयार होत.

कार्यपद्धती : फिल्मच्या काळात लॅबमधून आलेल्या रशेसचा (चित्रित दृश्यांच्या पहिल्या प्रतींचा) क्लॅपवरून ध्वनीशी मेळ घालणे हे पहिले काम. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी असतात आणि सेकंदाला 24 चौकटी सरकतात. त्यामुळे 1000 फुटांचे रीळ सुमारे 11 मिनिटे चाले. फिल्मच्या कडेला छापलेले क्रमांक सहायक वहीत उतरवून घेई. मूव्हिओला किंवा स्टीनबेक या संकलन-यंत्रांवर रफ कट, मग फायनल कट पक्का झाला की याच क्रमांकांवरून निगेटिव्ह कापली जाई. चुकीच्या जागी कापलेली निगेटिव्ह पुन्हा सांधताना चौकटी वाया जात, म्हणून ही वही अचूक असणे अनिवार्य होते. संकलनावरील लेखनात लयीची चर्चा भरपूर आढळते, या वहीची जवळजवळ नाही. ही उणीव मोठी आहे. डबिंग, पार्श्वसंगीत व मिक्सिंगसाठी रिळे तयार करणे आणि सेन्सॉरने सुचवलेल्या काटछाटीनंतर सांधे नीट बसवणे, हेही संकलकाकडेच असे.

वामन भोसले : मूळचे गोव्याचे, 1952 मध्ये मुंबईत आले. बॉम्बे टॉकीजमध्ये संकलक डी. एन. पै यांच्या हाताखाली शिकले, नंतर फिल्मिस्तानात दीर्घकाळ सहायक. दिग्दर्शक राज खोसला यांच्या ‘दो रास्ते’पासून (1969) स्वतंत्र काम. संकलक गुरुदत्त शिराळी यांच्या जोडीने केलेल्या चित्रपटांत ‘आंधी’ आणि ‘कर्ज’ दोन्ही आहेत. इतक्या भिन्न प्रकृतीचे चित्रपट सांभाळणे ही त्या दीर्घ उमेदवारीची कमाई मानावी लागते. ‘इन्कार’साठी (1977) राष्ट्रीय पुरस्कार. निधन 26 एप्रिल 2021.

रेणू सलुजा (1952–2000) : पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण. ‘परिंदा’साठी (1989) राष्ट्रीय पुरस्कार.

संगणकीय संकलन : अंधेरी पश्चिमेला ओशिवरा, वर्सोवा, आरामनगर भागांत एडिट रूम आहेत. वहीची जागा फाइलींच्या नावांनी व बॅकअपने घेतली. जबाबदारी सहायकाचीच राहिली.

अंतिम कटाचा अधिकार : करारानुसार, बहुधा निर्माता किंवा दिग्दर्शकाकडे.