दुखणे एकीकडे, गाठ दुसरीकडे

पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत. दुखणाईताने पालथे निजावे आणि जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, अशा मनुष्याने दुखऱ्या जागी पाय लावावा. आम्ही या रीतीस नेहमीच हसत आलो. पायाळूपणाचा आणि उसणीचा काही संबंध नाही, हे खरेच. परंतु त्या हसण्यात एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटली, ती म्हणजे पायाचा दाब. तो दाब नेमक्या स्नायूवर पडला, तर कधीकधी खरोखरच आराम पडत असला पाहिजे.

हे ध्यानी आले ते नरखेड तालुक्यातील एका संत्र्याच्या बागेत. मृग बहाराची तोड चालू होती. तोड म्हणजे दिवसभर मान वर, हात डोक्याच्याही वर, आणि मग भरलेल्या क्रेटची ने-आण. तोडणीवरील एक बाई उजव्या खांद्याच्या पुढल्या बाजूस बाम चोळीत बसल्या होत्या. कळ दंडापर्यंत उतरते, रात्री त्या कुशीवर निजवत नाही, असे सांगत होत्या. गोळ्या खाऊन झाल्या होत्या, क्ष-किरण चित्रात काही निघाले नव्हते, आणि घरात 'कामाचा कंटाळा' असा शेराही मिळाला होता. आमच्यासोबतच्या डॉक्टरीणबाईंनी पुढचा खांदा सोडून पाठीमागे, खांद्याच्या पात्यावर बोट फिरविले आणि एका जागी दाबले. बाई कळवळून म्हणाल्या, "हेच दुखनं जी! पन तुमी तं मांगं दाबून रायल्या, दुखते पुढं!"

त्या बाईंच्या या एका वाक्यात शंभरावर वर्षांचा वैद्यकीय गोंधळ सामावलेला आहे.

एडिंबरोच्या विल्यम बाल्फोर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्नायूंतील दुखऱ्या गाठी दाबून व चोळून बऱ्या करण्याविषयी लिहिले होते. १८४३ मध्ये जर्मनीत फ्रोरीप यांनी या गाठींना 'स्नायूचे घट्टे' म्हटले. १९०४ मध्ये लंडनचे गॉवर्स यांनी कंबरदुखीवर बोलताना 'फायब्रोसायटिस' हा शब्द दिला. तो शब्द फार चालला, पण चुकीचा. कारण त्यात सूज गृहीत धरलेली होती आणि ती सूज पुढे कोणास सापडली नाही. शिवाय गाठ जेथे, दुखणेही तेथेच, अशीच बहुतेकांची समजूत होती. (सुश्रुताची १०७ मर्मे म्हणजे याच गाठी, असे आपल्याकडे काही जण सांगतात. आम्हांस ते पटत नाही. मर्मे ही घाव लागू नये म्हणून जपावयाची स्थाने होत.)

समजूत बदलली ती १९३८ मध्ये. लंडनमधील केलग्रेन या तरुण डॉक्टराने निरोगी माणसांच्या स्नायूंत तीव्र मिठाच्या पाण्याची सुई टोचून दुखणे कोठे उमटते ते नोंदविले. ते बहुधा टोचलेल्या जागेपासून दूर उमटे. न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल (१९०१–१९९७) यांनी हाच धागा पुढे नेला. १९४२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह खांदा व हाताच्या दुखण्यावर स्नायूत प्रोकेन टोचण्याचा उपचार प्रसिद्ध केला, आणि १९५२ मध्ये रिन्झलर यांच्याबरोबर कोणत्या स्नायूचे दुखणे कोठे जाते याचे नकाशे छापले. त्या जागेचे 'ट्रिगर पॉइंट' हे नाव समर्पक आहे. बंदुकीचा चाप हाताशी असतो, गोळी लागते ती दूर.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे पाठदुखीने जर्जर झालेला एक तरुण सिनेटर आला. तो म्हणजे जॉन केनेडी. आमच्या वडीलधाऱ्यांना केनेडींचे अप्रूप होते ते अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष म्हणून. त्यांची झुलती खुर्ची ही डॉ. ट्रॅव्हेल यांची शिफारस होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९६१ मध्ये केनेडींनी त्यांना आपले वैद्य नेमले. त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री. मात्र केनेडींचा कणाच दुखावलेला होता, त्यावर शस्त्रक्रियाही झाल्या होत्या. नुसत्या सुयांनी ते निभण्यासारखे नव्हते. त्याच वर्षी डॉ. हान्स क्राउस यांनी त्यांना सुयांऐवजी व्यायामाकडे वळविले. ट्रॅव्हेलबाईंच्या कीर्तीला याने उणेपणा येतो असे आम्हांस वाटत नाही. त्यांचा मोठा ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. सहलेखक होते डेव्हिड सायमन्स, १९५७ मध्ये बलूनमधून एक लाख फुटांवर जाऊन आलेले हवाईदलाचे डॉक्टर!

या गाठी म्हणजे नेमके काय, यावर आजही वाद आहे. दोन तपासनिसांची बोटे पुष्कळदा एका जागी पडत नाहीत, असा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. उपचारांचे पुरावेही संमिश्र आहेत. तरी साधे उपाय सोसण्याजोगे व बिनखर्ची आहेत: गाठीवर सोसेल इतका दाब अर्धा-एक मिनिट, मग ऊबदार शेक, मग तो स्नायू सावकाश ताणणे, आणि एकच हात दिवसभर वर न धरणे. छातीत दुखून डाव्या हातात कळ, घाम, धाप असेल तर मात्र गाठी चाचपीत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. हातापायाला बधिरता, ताप, किंवा पडल्यानंतरचे दुखणे, यांसही डॉक्टरच हवा.

डॉक्टरीणबाईंनी त्या बाईंना भिंत आणि चेंडू यांचा उपाय सांगितला. बागेत चेंडू कोठला? त्यांच्या मुलाने चिंध्यांचा चेंडू आणून दिला. विहिरीजवळच्या मोटारघराच्या भिंतीला त्या पाठ लावून, चेंडू पात्याखाली धरून उभ्या राहिल्या. बाकीच्या बाया हसू लागल्या. थोड्या वेळाने त्यांतल्याच एकीने विचारले, "अन् मानेसाठी कोठं लावाचा जी?"