कॉकपिटमधली दुपार

टोपी सांभाळा आणि पाय जपून टाका. ड्रुरी लेनच्या चिखलात घोड्यांची लीद कालवलीय, आणि मागून येणारा गाडीवान तुमच्यासाठी लगाम खेचेल या भरवशावर राहू नका. हे १६३२ चं लंडन. वसंत ऋतू आहे, पण फुलांच्या वासाचं विसरा. घराघरांतून निघालेला दगडी कोळशाचा धूर घशाशी येतोय. नाट्यगृहाच्या बोळात मखमली डगलेवाले तरुण, कायद्याचे विद्यार्थी, नटूनथटून आलेल्या बायका आणि त्यांचे नोकर यांची दाटी झालीय. घुसा! सहा पेन्स हातात तयार ठेवा. थेम्सपलीकडच्या उघड्या नाट्यगृहांत एका पेनीत उभ्याने नाटक बघता येतं. इथे डोक्यावर छप्पर आहे, त्याचे पैसे.

हे ‘कॉकपिट’. एके काळी इथे कोंबड्यांच्या झुंजी लागायच्या. मग क्रिस्टोफर बीस्टनने इथे नाट्यगृह थाटलं. वर्षभरातच उमेदवारी करणाऱ्या पोरांच्या दंगलीत त्याची नासधूस झाली आणि ते पुन्हा उभं राहिलं, म्हणून याला ‘फिनिक्स’ही म्हणतात. बाकावर सरकून बसा. शेजारच्याचा कोपर तुमच्या बरगडीत, मागच्याचे गुडघे पाठीत. मातीच्या चिलमींचा धूर, घामेजलेली लोकर, लवंगेचा वास. वरच्या झुंबरातून मेणाचा थेंब थेट तुमच्या मनगटावर पडतो. चटका बसतो, थेंब पांढरा होतो, कातडी ओढत घट्ट होतो. राहू द्या, नखाने खरवडायला हात हलवण्याइतकी जागा नाही. समोर रंगमंचावरच स्टूल टाकून बसलेले शौकीन तुमची अर्धी नजर अडवतात आणि आपल्या नव्या बुटांकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून पाय लांब करतात.

नाटक आहे ‘हाइड पार्क’. बाहेर, याच शहराच्या पश्चिमेला, खरंखुरं हाइड पार्क आहे. तिथे हवा खायला जाणारीच मंडळी इथे बसलीयत आणि स्वतःलाच बघतायत. तीच थट्टा, तीच नखरेबाजी, तेच बागेत दूध पिणं. कॅरल नावाची फटकळ तरुणी आपल्यामागे लागलेल्यांना घोळात घेते. ती साकारणारा पोरगा आहे, पण चार वाक्यांत तुम्ही ते विसरता. फेअरफील्ड तिच्याकडून वचन घेतो की तिने त्याच्यावर प्रेम करायचं नाही. झालं! ती तिथेच अडकते. खदखदून हशा उठतो आणि सज्जातून कुणाच्या तरी हातातली बदामाची टरफलं तुमच्या खांद्यावर सांडतात.

अंक संपला की वादक सुरू होतात आणि मेणबत्त्यांच्या वाती कातरायला माणसं येतात. तेवढ्यात मान वळवा आणि नाटककाराला शोधा. जेम्स शर्ली, वय छत्तिशीच्या आसपास, डाव्या गालावर मोठा तीळ. ऑक्सफर्डला असताना कॉलेजचा प्रमुख विल्यम लॉड याने त्याला त्या तिळावरूनच सांगितलं होतं म्हणे की असा डाग असलेल्याने पाद्री होऊ नये. तरी तो झाला. सेंट ऑल्बन्सच्या भागात त्याने धर्मोपदेशक म्हणून काम केलं. मग मन रोमच्या पंथाकडे वळलं, ते पद सोडलं, तिथल्याच शाळेत पोरांना शिकवलं आणि शेवटी लंडन गाठून वकिलांच्या ग्रेज इनमध्ये बिऱ्हाड केलं.

मला या माणसाचं फार अप्रूप आहे, आणि शेक्सपिअरच्या सावलीत त्याला विसरलं जातं याचा राग आहे. लोकांचं कुठे चुकतं हे सांगणं ज्याचं काम होतं, तो इथे कुणालाच प्रवचन देत नाही. तो लोकांना बोलू देतो. याच नाटकात, नवरा समुद्रात बुडाला असं समजून सात वर्षांनी दुसरं लग्न करणाऱ्या बाईच्या दारात, ऐन लग्नाच्या दिवशी, तोच नवरा वेश बदलून उभा राहतो. आणि शर्लीच्या लेखणीतून तिच्याबद्दल एक कडू शब्द निघत नाही. असं ऐकणारा कान चर्चने गमावला, हे नाटकाचं नशीब!

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्याला सांगू नका. प्लेगने लंडनची नाट्यगृहं बंद पडतील आणि तो डब्लिनला जाईल. १६४२ मध्ये नाट्यगृहांवर पडदा पडेल तो वर्षानुवर्षं, आणि त्याच्या हाती पुन्हा पोरं आणि लॅटिन व्याकरण येईल. लंडनच्या १६६६ च्या आगीत तो आणि त्याची बायको घर सोडून पळतील, त्या धसक्यातून सावरणार नाहीत आणि एकाच दिवशी जातील. त्यांना पुरतील ते सेंट जाइल्समध्ये, इथून चालत जाता येईल अशा ठिकाणी.

पण आज गर्दी त्याची आहे. वाती कातरून झाल्या, वादक थांबले. आता शर्यती! आयरिश आणि इंग्लिश धावपटू रंगमंच तुडवत पळतात, फळ्या दणाणतात, तुमच्या बाकाखालची जमीन थरथरते. मग घोड्यांची पाळी. घोडे दिसत नाहीत, दिसतात फक्त पैजा लावणारे, माना ताणून आरडाओरडा करणारे, आणि कायद्याचे विद्यार्थीही बाकावर उभे राहून आपापले आकडे ओरडतायत. शेजारचा तुमची बाही ओढून विचारतोय, कुणावर लावताय? लवकर बोला, घोडे सुटले!