वऱ्हाडी आणि कोरकू

अमरावती जिल्ह्यातील दोन भाषा. सातपुड्याच्या पायथ्याच्या शेंदूरजनाघाटात (ता. वरुड) बोलली जाणारी वऱ्हाडी ही मराठीची बोली, म्हणून इंडो-आर्य. मेळघाटातील कोरकू मात्र ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेची; ख्मेर, व्हिएतनामी तिच्या दूरच्या नातलग. वऱ्हाडीत तीन लिंगे व दोन वचने. कोरकूत नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी आणि द्विवचन आजही वापरात. वऱ्हाडीत ‘डोळे’चे ‘डोये’ होते, ‘जाऊन राह्यलो’ म्हणजे जात आहे. दोन्हींची कुळे जावानीज व फिनिशइतकीच वेगळी. पण सहवास जुना. दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ऐकणाऱ्याला धरून किंवा वगळून ‘आपण’-‘आम्ही’ असा भेद होतो. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात (१९०५), कोरकू चौथ्यात (१९०६).