वाणिज्य स्नातक (बी.कॉम.) पदवीच्या अभ्यासक्रम-रचनेतील बदल

वाणिज्य स्नातक अर्थात बी.कॉम. ही बारावीनंतर मिळविता येणारी पदवी आहे. या पदवीसाठी कोणते विषय अनिवार्य असावेत, कोणते ऐच्छिक असावेत आणि प्रत्येक विषयाला किती अध्यापन-तास द्यावेत, याचे नियम महाराष्ट्रात वेळोवेळी बदलत आले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीतून आलेली श्रेयांक-आधारित रचना हा त्यांतील अलीकडचा आणि सर्वांत व्यापक बदल होय. राज्यातील स्वायत्त महाविद्यालये व विद्यापीठ विभागांत ही रचना २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. प्रस्तुत लेखात या बदलांचा आढावा मुख्यतः सोलापूर जिल्हा व त्यातील माळशिरस तालुका यांच्या संदर्भात घेतला आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम भारतातील वाणिज्याच्या पदवी शिक्षणाचा आरंभ मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयापासून मानला जातो. हे महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय स्थापन केले. या महाविद्यालयाच्या नावाचा माळशिरस तालुक्याशी संबंध आहे, ही गोष्ट फारशी परिचित नाही. तालुक्यातील श्रीपूर येथे साखर कारखाना चालविणाऱ्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचे संस्थापक चंद्रशेखर आगाशे यांच्या देणगीमुळे महाविद्यालयास ते नाव मिळाले. सोलापूर शहरात हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालय आणि माळशिरस तालुक्यात अकलूजचे शंकरराव मोहिते महाविद्यालय यांनी पुढे ही शाखा जिल्ह्यातच उपलब्ध करून दिली.

जिल्ह्याचे विद्यापीठ मात्र अनेकदा बदलले. आरंभी मुंबई विद्यापीठ, १९४९ नंतर पुणे विद्यापीठ, १९६२ मध्ये स्थापन झालेले कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि १ ऑगस्ट २००४ पासून सोलापूर विद्यापीठ असा हा क्रम आहे. सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते असून २०१९ मध्ये त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे झाले. अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाचा असल्याने एकाच घरातील आजोबा, वडील व नात यांच्या बी.कॉम.च्या गुणपत्रिकांवर तीन वेगवेगळ्या विद्यापीठांची नावे आढळू शकतात.

जुनी रचना

शालान्त परीक्षा अकरावीला असताना त्यानंतरचे पूर्वपदवी वर्ष धरून बी.कॉम.ला चार वर्षे लागत. १९७० च्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला. कनिष्ठ महाविद्यालयाची दोन वर्षे वेगळी झाली आणि पदवी तीन वर्षांची झाली.

या रचनेत पदवीचे भाग १, भाग २ व भाग ३ असे टप्पे होते. पहिली दोन वर्षे जवळजवळ सर्वांना समान विषय असत: लेखाशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवस्थापनाची तत्त्वे, सांख्यिकी, विपणन, इंग्रजी. विद्यार्थ्याला निवडीची खरी संधी मिळे ती प्रगत लेखाशास्त्र, परिव्यय लेखांकन, बँकिंग अशा विशेष विषयाच्या वेळी. ग्रामीण महाविद्यालयांत तीही बहुधा नावापुरतीच असे. अध्यापक ज्या विषयाचे उपलब्ध, तोच विशेष विषय.

शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातील सहकार विकास या विषयाची येथे स्वतंत्र नोंद घेणे आवश्यक आहे. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, विकास सोसायट्या आणि पतसंस्था यांच्या प्रदेशातील पदवीधराला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० ठाऊक असावा, ही त्यामागील भूमिका स्वाभाविक होती.

परीक्षा पूर्वी वार्षिक होत्या. पुढे सत्र पद्धत आणि तिच्यासोबत अंतर्गत मूल्यमापन आले, त्यानंतर निवडाधारित श्रेयांक पद्धत आली. सर्व शाखांच्या पदवीधरांसाठी अनिवार्य झालेला पर्यावरण अभ्यास हा विषय विद्यापीठांच्या पुढाकारातून आलेला नाही. एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये दिलेल्या निर्देशांतून तो आला.

कायद्यांतील बदलांचा परिणाम

वाणिज्य शाखेचे एक वैशिष्ट्य असे की विषयाचे नाव तेच राहिले तरी त्यातील आशय संसदेच्या एका निर्णयाने बदलतो. महाराष्ट्रातील विद्यार्थी आधी विक्रीकर शिकले, १ एप्रिल २००५ नंतर मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ नंतर वस्तू व सेवा कर. कंपनी कायदा २०१३ मुळे १९५६ चा कायदा जाऊन अनुसूची ३ नुसार उभ्या मांडणीचा ताळेबंद शिकविणे भाग पडले. डावीकडे देयता व उजवीकडे मालमत्ता या आडव्या मांडणीवर हात बसलेल्या अध्यापकांनाही तो नव्याने शिकावा लागला. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या अधिनियमाची जागा घेतो. त्यात पूर्व वर्ष व आकारणी वर्ष या जोडीऐवजी कर वर्ष ही एकच संकल्पना आहे. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा एक प्रश्न त्यामुळे प्रश्नपत्रिकेतून नाहीसा होईल.

याउलट करार अधिनियम १८७२, चलनक्षम दस्तऐवज अधिनियम १८८१ आणि मालविक्री अधिनियम १९३० हे व्यावसायिक कायद्यांच्या अभ्यासक्रमाचे जुने आधारस्तंभ सर्व रचनांतून टिकून राहिले.

श्रेयांक रचना

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर आधारित शासन निर्णय महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढला. श्रेयांक हे अध्यापनाचे माप आहे. सत्रातील १५ तास वर्गाध्यापन किंवा ३० तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. प्रत्येक सत्रात २० ते २२ श्रेयांक मिळवावयाचे असतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या सन्मान पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला या संज्ञेची एक गंमत जाणवते. लेखाशास्त्रात क्रेडिट म्हणजे ‘जमा’, तर येथे क्रेडिट म्हणजे ‘श्रेयांक’. ते साठविण्यासाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय पातळीवर सुरू झालेल्या व्यवस्थेलाही बँक असेच नाव आहे.

एकूण श्रेयांकांपैकी किमान ५० टक्के मुख्य विषयाचे असावेत, असा राज्याच्या आराखड्याचा दंडक आहे. याचा दुसरा अर्थ असा की जवळजवळ निम्मे श्रेयांक मुख्य विषयाबाहेरचे असू शकतात. या उरलेल्या भागात दुय्यम विषयाला १८ ते २०, खुल्या ऐच्छिक विषयांना १० ते १२, व्यावसायिक कौशल्याला ८ ते १० आणि कौशल्यवृद्धीला ६ श्रेयांक आहेत. भाषांसाठी ८, मूल्यशिक्षणासाठी ४ व भारतीय ज्ञान प्रणालीसाठी २ श्रेयांक आहेत. शिवाय क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण, समुदाय सहभाग आणि सहअभ्यासक्रम यांचाही समावेश आहे. विषयांची संख्या वाढली आणि प्रत्येकाचा आकार घटला. दोन श्रेयांकांचा विषय ३० तासांत संपतो. भागीदारी संस्थेच्या विसर्जनाची उदाहरणे फळ्यावर सोडविण्यासच पूर्वी यातील बराच वेळ जात असे.

आराखड्याच्या चौकटीत प्रत्यक्ष विषय ठरविण्याचे काम महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार अभ्यासमंडळ, विद्याशाखा व विद्यापरिषद यांच्याकडे आहे.

खुल्या ऐच्छिक विषयाची अट

नव्या रचनेतील सर्वांत परिणामकारक अट खुल्या ऐच्छिक विषयांबाबतची आहे. हे विषय विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचेच घ्यावे लागतात. २०१६ च्या अधिनियमाने वाणिज्य व व्यवस्थापन ही एकच विद्याशाखा केल्यामुळे बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला व्यवस्थापनाचा विषय खुला ऐच्छिक म्हणून घेता येत नाही. त्याला मानव्यविद्या, विज्ञान व तंत्रज्ञान किंवा आंतरविद्याशाखीय अभ्यास यांकडे वळावे लागते.

कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखा एका आवारात असलेल्या महाविद्यालयाला ही अट पाळणे शक्य आहे. केवळ वाणिज्य शाखा असलेल्या किंवा मोजक्याच अध्यापकांच्या महाविद्यालयाची गोष्ट निराळी. तेथे ‘खुला’ विषय म्हणजे जो शिकविता येईल तो एकच विषय, अशी स्थिती उद्भवते आणि जुन्या रचनेतील विशेष विषयाचीच कथा पुढे चालू राहते. यावरील एक उपाय म्हणजे स्वयम् हे केंद्र शासनाचे ऑनलाइन व्यासपीठ. अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमानुसार ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक या मार्गाने मिळविता येतात. मात्र वाड्यावस्त्यांवरून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी माध्यमातील अध्यापन मिळेल की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

भाषांचे स्थान

क्षमता संवर्धन या शीर्षकाखाली इंग्रजीला ४ व आधुनिक भारतीय भाषेला ४ श्रेयांक आहेत. जुन्या रचनेत इंग्रजी अनिवार्य असे आणि मराठी हा बी.कॉम.ला बहुधा निवडीचा विषय असे. दोहोंना समान वाटा मिळणे हा कागदावर तरी मराठीचा लाभ आहे. परंतु आधुनिक भारतीय भाषा म्हणजे मराठीच असे नव्हे. हिंदीचाही पर्याय असू शकतो. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड भाषिक कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

याहून महत्त्वाचा मुद्दा माध्यमाचा आहे. वाणिज्य शाखेत उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा असल्यामुळे मराठी पाठ्यपुस्तकांची एक भक्कम परंपरा निर्माण झाली. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, घसारा, नावे आणि जमा या शब्दांपैकी अनेक शब्द पेढीवरच्या जुन्या व्यवहारातून थेट वर्गात आले. ते भाषांतरासाठी घडविलेले नाहीत, म्हणूनच ते टिकले. व्यावसायिक कौशल्याचे विषय संगणकीय लेखांकनाकडे झुकतात आणि तेथील पडद्यावरची भाषा इंग्रजी असते. विद्यार्थ्याला लेजर ठाऊक आहे पण खतावणी ठाऊक नाही, असे होऊ लागले आहे. मराठीच्या चार श्रेयांकांत निबंधलेखनासोबत व्यावहारिक पत्रे, सभेचा इतिवृत्तान्त व ही परिभाषा यांचा समावेश झाला, तर पतसंस्थेच्या कचेरीत बसणाऱ्या पदवीधराला त्याचा थेट उपयोग होतो. सहकारी संस्थांचे ठराव आजही मराठीतच लिहिले जातात.

कार्यप्रशिक्षण आणि माळशिरस तालुका

कार्यप्रशिक्षणास ४ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने ते १२० तासांचे होते. क्षेत्र प्रकल्प याहून वेगळा आहे. शहरी महाविद्यालयांना यासाठी सनदी लेखापालांच्या कचेऱ्या व कंपन्या जवळ असतात. माळशिरस तालुक्यात ती जागा सहकार व साखर उद्योग घेतात. यशवंतनगर येथील सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील कारखाना, सदाशिवनगरचा श्री शंकर कारखाना आणि श्रीपूरचा पांडुरंग कारखाना हे तिन्ही सहकारी कारखाने याच तालुक्यातील. माळीनगरची सासवड माळी शुगर फॅक्टरी मात्र सहकारी संस्था नसून शेतकऱ्यांनी स्थापन केलेली कंपनी आहे. सहकारी संस्था व कंपनी यांच्या भागभांडवलातील, मताधिकारातील आणि नफावाटपातील भेद दाखविण्यासाठी एकाच तालुक्यात इतकी सोयीची उदाहरणे क्वचितच मिळतील.

ऊसबिलाचा हिशेब हा तर क्षेत्र प्रकल्पासाठी तयार विषय आहे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत देयक अदा करणे बंधनकारक असून विलंब झाल्यास १५ टक्के दराने व्याज देय होते. रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्याशी जोडलेला असतो आणि त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. ज्या घरात हे बिल येते, त्या घरातील विद्यार्थ्याला ते वाचता येणे ही साधी गोष्ट नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्चच्या सुमारास संपतो. सत्र परीक्षा त्याच काळात येतात आणि उन्हाळी सुटीत, जेव्हा विद्यार्थी मोकळा असतो, तेव्हा कारखाना बंद असतो. पतसंस्था व बँकांना ही अडचण नाही, परंतु त्यांचा मार्चअखेर त्यांना प्रशिक्षणार्थींकडे लक्ष देऊ देत नाही.

मध्येच बाहेर पडण्याची सोय

पूर्वी पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्याच्या हाती गुणपत्रिकेखेरीज काही उरत नसे. नव्या रचनेत एका वर्षानंतर ४० ते ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर ८० ते ८८ श्रेयांकांवर पदविका मिळते. दोन्ही वेळी कौशल्याधारित ४ श्रेयांक अधिकचे पूर्ण करावे लागतात. बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावयाची असते.

लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींना ही तरतूद विशेष उपयोगाची आहे, कारण श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठातही नेता येतात. मात्र एका वर्षाच्या वाणिज्य प्रमाणपत्राला नोकरीत काय मोल मिळते, हे प्रमाणपत्र देणाऱ्यापेक्षा नोकरी देणाऱ्यावर अवलंबून आहे. सरकारी नोकरीच्या ज्या जाहिरातींत पदवीची अट असते, तेथे या प्रमाणपत्राचा उपयोग नाही.

चौथे वर्ष

चौथे वर्ष ऐच्छिक आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण असणाऱ्यास संशोधनासह सन्मान पदवी घेता येते व त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षे पूर्ण करणाऱ्याला एम.कॉम. एका वर्षात पूर्ण करता येते. तीन वर्षांवर थांबणाऱ्याला पूर्वीप्रमाणे दोन वर्षे लागतात. त्यामुळे एकूण कालावधी पाच वर्षेच राहतो. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांना चौथ्या वर्षाचे आकर्षण कमी आहे, कारण ५५ टक्के गुणांच्या वाणिज्य पदवीधराला तीन वर्षांच्या पदवीवरच इंटरमिजिएट स्तरावर थेट प्रवेश मिळतो.

संक्रमण काळ

संलग्न महाविद्यालयांत नवी रचना वर्षागणिक वर सरकते: २०२४-२५ मध्ये पहिले वर्ष, २०२५-२६ मध्ये दुसरे व २०२६-२७ मध्ये तिसरे. या काळात एकाच महाविद्यालयात दोन अभ्यासक्रम समांतर चालतात. जुन्या रचनेतील एटीकेटीच्या विद्यार्थ्यांची यात सर्वाधिक ओढाताण होते. त्यांच्या विषयाचे वर्ग बंद झालेले असतात, पुस्तके दुकानांतून गेलेली असतात आणि परीक्षेच्या संधी मर्यादित असतात. संधी संपल्यानंतर उरलेल्या विषयांऐवजी समकक्ष विषय कोणता, हे विद्यापीठाच्या समकक्षता तक्त्यावरून ठरते. तो तक्ता महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर वेळेत लागणे अशा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अत्यावश्यक असते.