कॅरोटिड स्टेंटिंग : मेंदूच्या रक्षणाची तजवीज

मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या कॅरोटिड धमन्या मेंदूला होणाऱ्या रक्तपुरवठ्याचा मोठा भाग वाहून नेतात. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान यांमुळे या धमन्यांना फाटा फुटतो त्या जागी मेदाचे थर साचतात. तेथील कण वा गुठळी सुटून मेंदूत अडकल्यास पक्षाघात होतो. अरुंद झालेला भाग फुग्याने रुंद करून तेथे धातूची जाळीदार नळी बसवणे म्हणजे कॅरोटिड स्टेंटिंग होय.

मात्र, जी आपत्ती टाळण्यासाठी हा उपचार करायचा, तीच उपचारादरम्यान ओढवू शकते. फुग्याच्या दाबाने थर चिरडला जातो व त्याचे कण मेंदूकडे वाहू लागतात. ते अडवण्याच्या प्रमुख पद्धती तीन आहेत. पहिलीत अरुंद भागाच्या पलीकडे छत्रीसारखी सूक्ष्म गाळणी उघडतात व शेवटी कणांसह ती मिटून बाहेर काढतात. दुसरीत फुग्याने प्रवाह तात्पुरता थांबवून साचलेले रक्त कणांसह शोषून घेतात. फ्रान्सच्या डॉ. जाक तेरों यांनी अशा फुग्याचा वापर १९९० मध्ये मांडला होता. तिसरीत धमनीतील प्रवाहच उलट फिरवून रक्त गाळून शिरेत सोडतात.

फ्रान्समधील ‘ईव्हीए-३एस’ चाचणीत आरंभी संरक्षक साधन बंधनकारक नव्हते. त्याविना पक्षाघाताचे प्रमाण सुमारे चौपट आढळल्याने २००३ मध्ये असे स्टेंटिंग थांबवण्याची शिफारस झाली. मात्र संरक्षण असूनही धोका पूर्णपणे टळत नाही. २,५०२ रुग्णांच्या ‘क्रेस्ट’ चाचणीत (२०१०) उपचाराच्या सुमारास पक्षाघाताचे प्रमाण स्टेंटिंगनंतर ४.१ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर २.३ टक्के होते. हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण मात्र अनुक्रमे १.१ व २.३ टक्के होते.

याचे एक कारण असे, की मांडीतून नेलेली नळी महाधमनीच्या कमानीतून जाते, तेव्हा गाळणी उघडलेली नसते. वृद्धांत ही कमान वेडीवाकडी व कठीण झालेली असल्याने सत्तरीपुढे बहुधा शस्त्रक्रिया श्रेयस्कर ठरते.

उपचारावेळी रुग्ण सहसा शुद्धीवर असतो. त्याला बोलते ठेवून व हात हलवायला सांगून मेंदूवर लक्ष ठेवले जाते. नंतर ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे वा हातापायांतील शक्ती जाणे दिसताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.