खेळाचा तास कोणी खाल्ला?

राजेहो, परवा कामानिमित्त परतवाड्यातल्या एका शाळेत गेलो. वेळापत्रकात शेवटचा तास ‘शा. शि.’, वर्गात मात्र बीजगणित सुरू. पोट्टे खिडकीतून मैदानाकडे पाहत होते. पी.टी.चे सर निवृत्त झाले, जागा भरलीच नाही म्हणे.

अन् हे अमरावतीपासून पन्नासेक किलोमीटरवर! त्याच अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी आखाडा सुरू केला, त्याचंच पुढं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. मंडळानं नुसते पैलवान नाही घडवले. उन्हाळी सुट्टीत वर्ग भरवून बाहेरगावच्या मास्तरांना लाठी, लेझीम, मल्लखांब शिकवला. हे मास्तर आपापल्या शाळेत परतले अन् कवायतीचा तास देशी झाला. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं हुतूतू, खो-खो, मल्लखांबाची प्रात्यक्षिकं केली. देश तेव्हा इंग्रजांचा गुलाम होता, हे ध्यानात घ्या.

नव्वदच्या दशकात आमच्या शाळेत २६ जानेवारीच्या लेझीमचा सराव महिनाभर चाले. आमच्या वर्गातला एक पोट्टा गणितात कायम काठावर, पण खो-खोचा कॅप्टन. त्या मानापायी तो रोज शाळेत यायचा, दहावीपर्यंत टिकला. आज तो असता तर कशासाठी आला असता?

बीजगणिताला माझा विरोध नाही, पोरगी माझीही नववीत आहे. पण पुढच्या पालकसभेत मी विचारणार आहे : शेवटच्या तासाला क्रीडासाहित्याच्या खोलीची किल्ली कोणाजवळ असते?