नंबर लागेपर्यंत



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक एका मैत्रिणीच्या ओसरीवर होती. हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, चहा आला. मैत्रिणीची मुलगी मात्र दाराशी मोबाईल घेऊन बसली होती. बी.एस्सी. झालेली पोर. एम.एस्सी.साठी तीन ठिकाणी अर्ज भरलेले, आणि यादी अजून लागायची होती. रेंज गेली की ती अंगणात जायची, रेंज आली की परत येऊन बसायची. येणारी प्रत्येक बाई तिला विचारायची, "काय वं, लागला का नंबर?" ती नुसती मान हलवायची. चौथ्यांदा कुणी विचारलं, तेव्हा उठून आत निघून गेली.

मग तिची आई हळूच म्हणाली, "चिखलीकडचं एक स्थळ आलंय. ते म्हणतात, दिवाळीच्या आत काय ते सांगा. अन् इकडून तर काहीच पत्ता नाही."

मैत्रिणींनो, हे घर तुमच्याही ओळखीचं असेल. अर्ज गेलेला असतो आणि उत्तर आलेलं नसतं. या मधल्या दिवसांतच पुष्कळ मुलींचं शिक्षण सुटतं. विद्यापीठानं नाही म्हटलेलं नसतं. ते म्हणायच्या आधीच घरात ठरून गेलेलं असतं. आज मी तुम्हाला अशाच वाट पाहण्याची एक खरी गोष्ट सांगणार आहे. ती नव्वद वर्षांपूर्वीची आहे. पण सुरुवात आपल्या बुलढाण्यापासून करू.

१८८२ साली आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापून निघालं. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाचे होते. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. बाईच्याच माथी सगळे दोष का मारता, असा सवाल त्या पुस्तकात ताराबाईंनी पुरुषांना केला. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले ताराबाईंच्या बाजूनं उभे राहिले. एवढ्या बुद्धीच्या बाईला पुढं शिकावंसं वाटलं असतं, तर त्या काळच्या बुलढाण्यातून तिनं अर्ज कुठं करायचा होता? तिच्यासाठी उघडं दारच नव्हतं. उत्तराची वाट पाहायलासुद्धा आधी अर्ज करायला जागा लागते, हे लक्षात ठेवू या.

त्यानंतर पन्नास वर्षांनी अर्ज करायला जागा झाली होती. आता मुंबईला जाऊ.

१९३३ साली कमला भागवत नावाची मुलगी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं पास झाली. विषय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र. मराठी लेखिका दुर्गा भागवत तुम्ही ऐकून असाल. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. कमलाबाई त्यांच्या सख्ख्या बहीण. या मुलींचे वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले होते. जमशेदजी टाटांच्या देणगीतून १९०९ साली सुरू झालेली ही संस्था आज भारतीय विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

वडील तिथले, काका तिथले, आणि मुलगी विद्यापीठात पहिली. घरात कुणालाच शंका नव्हती. कमलाबाईंनी संशोधनासाठी अर्ज पाठवला आणि उत्तराची वाट पाहत बसल्या.

उत्तर आलं. प्रवेश नाही. गुणांत काही कमी नव्हतं. कारण एकच होतं, अर्ज करणारी मुलगी होती.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते चंद्रशेखर व्यंकट रामन. १९३० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले ते थोर शास्त्रज्ञ. ज्ञानात एवढा मोठा माणूस, पण संस्थेत मुलगी नको, यावर ठाम.

आता विचार करा. असं पत्र आपल्या घरी आलं असतं तर काय झालं असतं? पत्र घडी घालून देवळीत ठेवलं असतं. "जाऊ दे बाई, नशिबात नव्हतं," असं कुणीतरी म्हटलं असतं, आणि महिन्याभरात पाहुणे बघायला आले असते. कमलाबाईंनी पत्राचं उत्तर पत्रानं दिलं नाही. त्या बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मी मुलगी आहे, याशिवाय मला नाकारण्याचं दुसरं कारण काय, हे त्यांनी विचारलं. प्रवेश घेतल्याशिवाय हलणार नाही, असा हट्ट धरला. तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता, आणि हाही एका मुलीचा सत्याग्रहच होता.

शेवटी रामन यांनी होकार दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष उमेदवारीचं, म्हणजे नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करायचं. आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडू द्यायचं नाही, म्हणजे तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट ऐकून तुम्हाला हसू येईल, रागही येईल. शाळेत जाणाऱ्या आपल्या पोरींना आजही असंच सांगणारे कमी नाहीत.

कमलाबाईंना हा अपमान वाटला, आणि तो त्या कधीही विसरल्या नाहीत. पुढं म्हाताऱ्या झाल्यावरही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या आणि कामाला लागल्या. म्हणजे एक वाट पाहणं संपलं आणि दुसरं सुरू झालं. आता वर्षभर रोज परीक्षाच होती.

श्रीनिवासय्या नावाचे शिक्षक त्यांना मार्गदर्शक म्हणून लाभले. ते शिस्तीचे होते, पण मनापासून शिकवणारे होते. कमलाबाईंनी काम घेतलं ते दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचं. आपल्या तुरीच्या, मुगाच्या डाळीत अंगाला लागणारं नेमकं काय असतं, हा त्या अभ्यासाचा विषय. गरिबाच्या ताटात मटण-मासळी रोज येत नाही, डाळ येते. त्यामुळं हा अभ्यास थेट गरिबाच्या जेवणाशी जोडलेला होता.

वर्ष संपलं. रामन यांनी त्यांचं काम पाहिलं आणि त्यांना नियमित प्रवेश दिला. एवढंच नाही, त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीनं नकार मुकाट्यानं गिळला नाही, म्हणून मागून येणाऱ्या मुलींसाठी वाट झाली. १९३६ साली कमलाबाईंनी एम.एस्सी. पूर्ण केली.

मग शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथं फ्रेडरिक हॉपकिन्स या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम करायचं होतं. पण प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तिथल्या एका संशोधकानं, डेरेक रिक्टर यांनी, आपलं टेबल त्यांना दिवसा वापरायला दिलं आणि स्वतः रात्री काम केलं, असं सांगितलं जातं. बंगळूरला रात्री काम करण्याची अट बाईला घातली होती. इथं बाईला जागा मिळावी म्हणून एक पुरुष आपण होऊन रात्री कामाला आला. १९३९ साली कमलाबाईंना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं.

त्या परत मायदेशी आल्या. दिल्लीला आणि दक्षिणेत कुन्नूरला काम केलं. १९४७ साली लग्न होऊन कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. तिथं त्यांनी आपल्याच खाण्यापिण्यावर संशोधन केलं. वालासारख्या कडधान्यात प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, त्यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केलं. असे घटक उष्णतेनं बरेचसे निकामी होतात, म्हणून कडधान्य भिजवून नीट शिजवावं हे आपल्या आज्यांचं सांगणं खरंच आहे. नीरा, म्हणजे पहाटे काढलेला, न आंबलेला ताडाचा रस, कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना कसा उपयोगी पडतो, हेही त्यांनी तपासलं. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. पुढं त्या त्या संस्थेच्या संचालक झाल्या, पण त्या पदासाठीही त्यांना थांबावं लागलं. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत काम केलं आणि सामान्य गिऱ्हाइकांसाठी लेख लिहिले. १९९८ साली त्या गेल्या.

पण मैत्रिणींनो, प्रत्येक वाट पाहण्याचा शेवट असा होतो असं मी सांगणार नाही. अण्णा मणी ही केरळची मुलगी. १९४० साली ती बंगळूरला त्याच रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाला गेली. काही वर्षं खपून तिनं प्रबंध लिहिला आणि मद्रास विद्यापीठाकडं पाठवला. उत्तर आलं, तुमच्याकडं एम.एस्सी.ची पदवी नाही, म्हणून पीएच.डी. देता येत नाही. ती पदवी तिला शेवटपर्यंत मिळाली नाही. पण अण्णा मणी थांबल्या नाहीत. हवामानाची उपकरणं हा विषय त्यांनी शिकून घेतला, १९४८ साली पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या, आणि पाऊस, वारा, ऊन मोजणारी साधनं भारतातच तयार करण्याचं मोठं काम केलं. खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ साली त्या निवृत्त झाल्या. पेरणीच्या दिवसांत आपण पावसाचा अंदाज ऐकतो, तेव्हा त्यामागं या बाईंचेही कष्ट आहेत.

आता एक गोष्ट मोकळेपणानं बोलू. कमलाबाईंच्या पाठीशी शिकलेलं घर होतं. वडील आणि काका त्याच संस्थेतले, त्यामुळं हा नकार अन्यायाचा आहे हे घरात सगळ्यांना कळत होतं. आपल्या पोरींचं तसं नाही. कित्येक घरांत ती शिकणारी पहिलीच असते. मेरिट लिस्ट काय, दुसरी फेरी काय, आईबापाला ठाऊक नसतं. विद्यापीठ अमरावतीला, आणि आपण इकडं सिंदखेडराजाला, मेहकरला, लोणारला. आज मुलगी आहे म्हणून कुणी नाही म्हणत नाही. पण उत्पन्नाच्या दाखल्यावाचून, रेंजवाचून, भाड्याच्या पैशावाचून उत्तर नाहीच येतं.

म्हणून कमलाबाईंना घरानं जे दिलं, ते आपल्या पोरींना गटानं द्यावं असं मला वाटतं. नंबर लागला का, हे रोज विचारण्यापेक्षा कोणती कागदं राहिली ते विचारू. तहसीलच्या दाखल्यासाठी तिच्यासोबत एक जणी जाऊ. पहिल्या यादीत नाव नाही आलं, तर पुढची फेरी कधी आहे ते तिच्यासोबत बसून वाचू. नकार आला, तर कारण विचारायला तिला पाठबळ देऊ. लागलं तर गटातून प्रवासापुरते पैसे देऊ. आणि उत्तर येईस्तोवर घरात दुसरं काही ठरू देणार नाही.

त्या दिवशी ओसरीवर आम्ही एवढंच ठरवलं. चिखलीच्या पाहुण्यांना मैत्रिणीनं कळवलं, "पोरीचं उत्तर येऊ द्या, मग बोलू." यादी मी हे बोलते आहे तोपर्यंत लागलेली नाही. पोर अजून वाट पाहते आहे. पण परवा ती आपण होऊन बैठकीत येऊन बसली. तिला कुणीही काही विचारलं नाही.